सेनवर तरंगणारं स्ट्रीट आर्ट: पॅरिसच्या फ्लुक्तुआर्टला कसं जावं, काय आणि कसं पाहावं

पॅरिसमध्ये सेन नदीच्या डाव्या काठाला, अँव्हालिद पुलाच्या पायथ्याशी काचेची एक तीनमजली नौका बांधलेली आहे. फ्लुक्तुआर्ट तिचं नाव. रस्त्यावरच्या कलेसाठी बांधलेलं हे तरंगतं दालन जुलै २०१९ मध्ये उघडलं. सेनकाठच्या जागांना नवं रूप देण्यासाठी जी स्पर्धा निघाली होती, तिच्यातून हा प्रकल्प आला. आराखडा आहे सेन डिझाइन या नदीवरच्या वास्तूंसाठीच ओळखल्या जाणाऱ्या संस्थेचा. प्रवेश विनामूल्य आहे. खालच्या पोटमजल्यात फिरती प्रदर्शनं, मधल्या मजल्यावर संग्रहातली कामं, पुस्तकं आणि बार, वर उघडी गच्ची, अशी रचना आहे.

फुकट आहे, मध्यवर्ती आहे, आयफेल टॉवरहून चालत येण्याजोगं आहे, म्हणून बरेच जण ठरवून न येता सहज डोकावतात. नेमकं तिथंच चुकतं. गच्चीवर पेय घेऊन परत जाणाऱ्यांना खाली प्रदर्शन होतं हे कळतही नाही. दीड ते दोन तास हाताशी ठेवा, थोडी तयारी करून या, आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी शहरातल्या खऱ्या भिंतींसाठी अर्धा दिवस राखा. भिंतीवरून उचलून चौकटीत आलेली कला एकटी पाहिली तर अर्धीच कळते.

निघण्याआधी तीन गोष्टी तपासा

पहिली गोष्ट, उघडण्याचे दिवस आणि वेळा. आठवड्यातले काही दिवस दालन बंद असतं आणि वेळा ऋतूप्रमाणे बदलतात. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात एकच वेळापत्रक धरून चालू नका. ही जागा दुपार ते रात्र अशा बेतानं चालते, त्यामुळे सकाळी नऊला दारात उभं राहण्यात अर्थ नाही. निघायच्या दिवशीच त्यांच्या संकेतस्थळावर पाहा. आठवडाभर आधी पाहिलेली वेळ पुरेशी नाही, कारण नौका खासगी कार्यक्रमांसाठीही भाड्यानं दिली जाते आणि तेव्हा सगळं किंवा काही मजले बंद असू शकतात.

दुसरी गोष्ट, प्रदर्शन चालू आहे का. एक प्रदर्शन उतरवून दुसरं लावायला कुठल्याही दालनाला काही दिवस लागतात. त्या मधल्या दिवसांत बार सुरू असला तरी खालचा मजला रिकामा असेल. तुम्ही कलेसाठी येत असाल तर प्रदर्शनाची सुरुवातीची आणि शेवटची तारीख दोन्ही लिहून ठेवा.

तिसरी गोष्ट बहुतेक कुणी तपासत नाही, ती म्हणजे नदीची पातळी. शहरातून वाहणारी सेन ही बांधून घातलेली नदी आहे. पॅरिसच्या खालच्या अंगाला स्युरेनचा बंधारा पाणी अडवून धरतो, त्यामुळे एरवी पातळी जवळजवळ स्थिर राहते. ऑस्टरलिट्झ पुलाच्या मोजपट्टीवर ती साधारण एका मीटरच्या आसपास दिसते. पण वरच्या खोऱ्यात सलग पाऊस झाला की बंधाऱ्याचं काही चालत नाही. जून २०१६ मध्ये याच पट्टीवर पाणी ६.१० मीटरपर्यंत चढलं होतं, आणि जानेवारी २०१८ मध्येही पावणेसहा मीटरच्या पुढे गेलं होतं. १९१० च्या महापुराचा आकडा ८.६२ मीटर आहे.

अशा वेळी नौकेला काही होत नाही, ती पाण्याबरोबर वर उचलली जाते. अडचण काठाची असते. नौकेकडे जाणारा पदपूल ज्या खालच्या धक्क्यावर टेकतो, तो धक्काच पाण्याखाली जातो. पातळी या महापुरांच्या आकड्यांच्या बरीच खाली असताना, काही मीटरच वाढली तरी, खालचे काठ चालण्यासाठी बंद करायला सुरुवात होते. पातळी पाहायला फ्रान्स सरकारचं 'व्हिजिक्र्यू' हे संकेतस्थळ आहे. तिथं 'पॅरिस-ऑस्टरलिट्झ' हे केंद्र निवडलं की चालू आकडा आणि मागच्या काही दिवसांचा आलेख मिळतो. आलेख सपाट आणि एका मीटरच्या जवळ असेल तर निर्धास्त निघा. तो चढत असेल तर आधी दालनाची सूचना बघा. डिसेंबर ते मार्च हा पाणी वाढण्याचा नेहमीचा काळ, पण २०१६ चा पूर जूनमधला होता हे विसरू नका.

पोहोचायचं कसं

पत्ता आहे २, पोर द्यु ग्रो-कायू, ७५००७. नकाशात खूण नेमकी पाण्यावर दिसते आणि फोन तुम्हाला वरच्या के दोर्से या रहदारीच्या रस्त्यावर आणून सोडतो. तिथून नौका खाली समोरच दिसते, पण उतरायला वाट नाही असं वाटतं. वाट आहे, फक्त ती पुलांजवळच्या जिन्यांनी आणि उतारांनी आहे. म्हणून नकाशात नौकेऐवजी अँव्हालिद पूल गाठायचं ठरवा.

सगळ्यात सोपा मार्ग अँव्हालिद स्थानकावरून. तिथं मेट्रो ८ आणि १३, शिवाय आरईआर सी या उपनगरी रेल्वेच्या गाड्या थांबतात. बाहेर आल्यावर नदीकडे तोंड करा. समोर सोनेरी पुतळ्यांचा अलेक्झांडर तिसरा पूल दिसेल. तो ओलांडायचा नाही. काठावर खाली उतरा आणि डावीकडे वळा, म्हणजे नदी तुमच्या उजव्या हाताला राहील. पुढचा पूल हाच अँव्हालिद पूल. त्याच्याखालून पलीकडे गेलात की नौका आलीच. रमतगमत गेलं तरी दहा मिनिटं पुरतात.

पश्चिमेकडून, आयफेल टॉवरच्या बाजूनं येणाऱ्यांनी आल्मा पुलाकडून डाव्या काठानंच यावं. नदी डाव्या हाताला ठेवून चालत राहायचं. अँव्हालिद पुलाच्या अलीकडेच नौका लागते. जाता जाता आल्मा पुलाच्या खांबाला टेकून उभा असलेला झुआव्ह सैनिकाचा दगडी पुतळा पाहा. पाणी त्याच्या पायांना लागलं, मांड्यांना लागलं, अशा भाषेत पॅरिसकर पूर मोजतात. १९१० मध्ये ते त्याच्या खांद्यापर्यंत आलं होतं.

मेट्रो ९ नं आल्मा-मार्सो स्थानकावर उतरणाऱ्यांची एक ठरलेली चूक होते. ते स्थानक उजव्या काठावर आहे. तिथून सरळ खाली नदीकडे उतरलात तर बातो-मूशच्या सहलीच्या बोटींच्या रांगेत पोहोचता. तीही नौकाच आणि तिथंही पदपूल, त्यामुळे काही जण तिकीट काढेपर्यंत जातात. आधी पूल ओलांडून डाव्या काठावर या, मग उतरा.

आरईआर सी वापरणार असाल तर दोन बाबी ध्यानात ठेवा. ही लाइन नदीला लागून, बरीचशी जमिनीखालून जाते, म्हणून मोठ्या पुरात तिची मध्य पॅरिसमधली स्थानकं बंद होतात. २०१६ आणि २०१८ दोन्ही वेळा तसं झालं. शिवाय उन्हाळ्यात, जुलै-ऑगस्टच्या सुमाराला, रुळांच्या दुरुस्तीसाठी तिचा शहरातला पट्टा दरवर्षी बंद असतो. त्या दिवसांत मेट्रोच धरा.

तिकिटाचं थोडक्यात. कागदी तिकिटांचे जुडगे आता मिळत नाहीत. २ युरोचं 'नाव्हिगो इझी' कार्ड घ्यायचं आणि त्यावर फेऱ्या भरायच्या. एका कार्डावर एकाच वेळी एकच माणूस जाऊ शकतो, तेव्हा कुटुंबात प्रत्येकाला वेगळं कार्ड लागतं. २०२५ च्या सुरुवातीला मेट्रो-आरईआरची एक फेरी २.५० युरो झाली. दर जानेवारीत बदलतात, त्यामुळे थोडा फरक धरून चाला. बस-ट्रामची फेरी वेगळी असते, ती मेट्रोत चालत नाही.

चाकाची खुर्ची किंवा बाबागाडी असेल तर जिने टाळा. हा काठ पूर्वी गाड्यांचा वेगवान रस्ता होता. २०१३ मध्ये ओर्से संग्रहालय ते आल्मा पूल हा सव्वादोन किलोमीटरचा पट्टा गाड्यांना बंद करून चालणाऱ्यांना दिला. त्यामुळे गाड्या चढायच्या-उतरायच्या ते जुने डांबरी उतार अजून आहेत. त्यांवरून या. काही ठिकाणी फरसबंदी खडबडीत आहे, तिथं लहान चाकं अडकतात. नौकेवर जाणाऱ्या पदपुलाचा उतार पाण्याच्या पातळीप्रमाणे कमीजास्त होतो, कारण त्याचं एक टोक काठावर पक्कं आणि दुसरं नौकेबरोबर हलतं. खुर्ची घेऊन येणाऱ्यांनी त्या दिवशीची स्थिती आणि आतल्या मजल्यांवर जाण्याची सोय फोन करून विचारलेली बरी.

कोणत्या वेळी जावं

आठवड्याच्या मधल्या एखाद्या दिवशी, उघडल्यापासून पहिल्या दोन तासांत. तेव्हा खालच्या मजल्यावर चित्रापासून तीन-चार मीटर मागे सरकायला जागा मिळते. शुक्रवारी आणि शनिवारी संध्याकाळी संगीत असतं, गर्दी असते, आणि मधल्या मजल्यावरच्या चित्रांसमोर माणसं ग्लास घेऊन उभी असतात. तेव्हा चित्रं बघायचा हट्ट धरू नये.

चित्रंही हवीत आणि संध्याकाळही हवी, असं असेल तर सूर्यास्ताच्या सुमारे दोन तास आधी पोहोचा. इथं पॅरिसचं अक्षांश लक्षात घ्या. जूनच्या शेवटी सूर्य रात्री दहाच्या सुमाराला मावळतो, डिसेंबरमध्ये पाचच्या आतच. जूनमध्ये 'संध्याकाळी सहाला जाऊ, सूर्यास्त बघू' असा बेत आखला तर चार तास थांबावं लागेल.

कपड्यांची एक सूचना: वर रस्त्यावर जाणवत नाही तो वारा गच्चीवर जाणवतो. मे-सप्टेंबरातही वरून घालायला काहीतरी जवळ असू द्या. पाय घट्ट धरणारे बूट घाला. समोरून सहलीच्या बोटी सतत जातात, त्यांच्या लाटांनी नौका हलते. हेलकावा छोटाच असतो, पण खालच्या मजल्यात क्षितिज दिसत नसल्यामुळे ज्यांना बोट लागते त्यांना तिथं थोडं गरगरू शकतं. तसं झालं तर मधल्या मजल्यावर या आणि काचेतून समोरचा काठ बघत उभे राहा.

आत आल्यावर: आधी खाली, मग वर

पॅरिसमधल्या अशा ठिकाणी दारात पिशवी उघडून दाखवावी लागते. चाकाची मोठी बॅग घेऊन येऊ नका, अरुंद वाटांवर तुमचीही अडचण आणि इतरांचीही.

पाय आपोआप गच्चीकडे वळतात. त्यांना आवरा आणि आधी खाली उतरा. फिरतं प्रदर्शन तिथं असतं, प्रकाश ताब्यात असतो, बारचा आवाज कमी असतो. तिथं अर्धा-पाऊण तास. मग मधला मजला, सगळ्यात शेवटी गच्ची.

संग्रहात बँक्सी, जेआर, शेपर्ड फेअरी, इन्व्हेडर, व्हिल्स, स्वून, फ्युच्युरा, ब्लेक ल रा, कीथ हॅरिंग अशांची कामं आहेत. एकाच दिवशी सगळी भिंतीवर असतील असं नाही, म्हणून एखाद्या नावासाठीच येत असाल तर आधी विचारून या. आणि नावांच्या मागे फार लागू नका. हातांनी काय केलंय ते बघायला शिकलात तर अनोळखी कलाकाराचं कामही बोलायला लागतं. त्यासाठी खाली काही खुणा देत आहोत.

स्टेन्सिलचं तत्त्व आपल्याला रांगोळीच्या छाप्यामुळे ठाऊक आहेच: कापलेल्या जागेतून रंग खाली उतरतो, बाकी झाकलेलं राहतं. पॅरिसमध्ये ब्लेक ल रा यानं १९८१ च्या सुमाराला भिंतींवर असे उंदीर उमटवायला सुरुवात केली आणि तिथून ही पद्धत जगभर गेली. स्टेन्सिल बघताना 'जोड' शोधा. अक्षराच्या किंवा डोळ्याच्या आतला तुकडा सुटून पडू नये म्हणून कापताना बारीक पट्ट्या ठेवाव्या लागतात. त्या रंगात रेघेसारख्या रिकाम्या दिसतात. कच्चा हात असेल तर त्या कुठेही येतात, तयार कलाकार त्यांना सुरकुती किंवा सावलीची कड बनवतो. मग थर मोजा. प्रत्येक छटेला वेगळा कागद लागतो, आणि कागद पुन्हा ठेवताना केसभर सरकला तर कडेला दुसऱ्या रंगाची बारीक किनार दिसते. ती किनार म्हणजे घाईची खूण. रस्त्यावर घाई खरी असते, स्टुडिओत नसते, म्हणून एकाच कलाकाराचं भिंतीवरचं आणि कॅनव्हासवरचं काम याच खुणेनं ताडून बघता येतं.

मोकळ्या हातानं मारलेल्या स्प्रेमध्ये अंतर वाचायचं असतं. डबा भिंतीच्या जवळ असेल तर रेघ धारदार येते, दूर नेला की कडा धुक्यासारखी विरते. जवळ धरून हात थांबला की रंग साचतो आणि ओघळतो. नळीच्या तोंडावरची टोपीही बदलता येते: बारीक टोपीनं पेन्सिलीसारखी रेघ, रुंद टोपीनं पंजाएवढा पट्टा. फ्युच्युरा न्यूयॉर्कच्या भुयारी गाड्यांच्या काळापासून रंगवतो आहे. त्याच्या कामाजवळ गेलात तर इतक्या बारीक, न थरथरणाऱ्या वर्तुळाकार रेघा स्प्रेच्या डब्यातून कशा आल्या असतील, याचा विचार करत तिथंच उभे राहाल.

कागद चिकटवून केलेली कामं वेगळ्या नजरेनं बघावी लागतात. पीठ आणि पाणी उकळून केलेली खळ, तीच भिंतीवर, तीच कागदावरून पुन्हा एकदा. कागद ओला झाला की फुगतो, वाळला की आवळतो, म्हणून सुरकुत्या पडतात आणि कोपरे आधी सुटतात. स्वून ही अमेरिकी कलाकार लिनोलियमवर कोरून छापलेल्या आणि कात्रीनं कोरलेल्या माणसांच्या आकृत्या अशा लावते. २०१९ च्या उन्हाळ्यात ही नौका उघडली ती तिच्याच प्रदर्शनानं. निवड अगदी योग्य होती: २००९ मध्ये तिनं आणि तिच्या सोबत्यांनी टाकाऊ सामानातून तराफे बांधून ते व्हेनिसला नेले होते. जेआरही कागदाचाच माणूस, पण त्याचं माप इमारतीएवढं. मार्च २०१९ मध्ये लूव्रच्या काचेच्या पिरॅमिडभोवती त्यानं शेकडो स्वयंसेवकांच्या मदतीनं कागदाच्या पट्ट्या चिकटवून जमीन खोल खणल्याचा भास उभा केला; लोक त्यावरून चालले आणि ते काम एका दिवसात फाटून गेलं. असं असेल तर दालनात जे टिकून आहे ते काय, हा प्रश्न इथं प्रत्येक चौकटीसमोर विचारण्यासारखा आहे. ते भिंतीचं छायाचित्र आहे, त्याच प्रतिमेची मर्यादित छपाई आहे, की चौकटीसाठीच केलेलं नवं काम? चित्राशेजारच्या पट्टीवर माध्यम आणि वर्ष लिहिलेलं असतं. नावाआधी ती ओळ वाचा.

इन्व्हेडरच्या बाबतीत उत्तर नेमकं मिळतं. तो १९९८ पासून पॅरिसच्या भिंतींवर जुन्या व्हिडिओ गेममधल्या आकृत्या फरशीच्या तुकड्यांनी बसवतो आहे. एकट्या पॅरिसमध्ये त्या हजारावर आहेत. रस्त्यावरच्या प्रत्येक आकृतीची तो एकच प्रतिकृती करतो आणि संग्राहकांकडे जाते ती ही प्रतिकृतीच. भिंतीवरची मूळ काढून नेण्यात काही हशील नाही, उपटताना तुकडे फुटतात आणि हातात खडे उरतात.

व्हिल्स या पोर्तुगीज कलाकाराचं काम समोरून बघून भागत नाही. तो रंग चढवत नाही, छिन्नी आणि ड्रिलनं भिंतीचा गिलावा किंवा एकावर एक चिकटलेल्या जाहिरातींचे थर काढून चेहरा उघडा करतो. कडेला जाऊन तिरकं बघा. खोली किती आहे, कोणता थर कुठं संपतो, ते तिथूनच दिसतं.

फोटो काढताना

काचेची नौका म्हटल्यावर प्रतिबिंबांशी झगडावं लागतंच. दुपारी नदीवरची चमक छतापर्यंत नाचते आणि चौकटींच्या काचेत समोरचा काठ उमटतो. फ्लॅश बंद ठेवा, त्यानं चित्राला त्रास होतो आणि काचेवर फक्त पांढरा डाग येतो. गडद कपडे घातलेत तर तुमचं स्वतःचं प्रतिबिंब कमी दिसतं. समोरून थोडं बाजूला सरका आणि वाकडेपणा नंतर सरळ करा. कॅमेऱ्यावर पोलरायझिंग फिल्टर असेल तर काचेशी साधारण ३० ते ४० अंशांच्या तिरप्या कोनातून तो फिरवत जा, चमक एका जागी झपकन उतरते; अगदी समोरून त्याचा उपयोग होत नाही. बाहेरून नौकेचा फोटो हवा असेल तर अँव्हालिद पुलाच्या आल्मा पुलाकडच्या पदपथावर उभे राहा. सूर्यास्तानंतरची पहिली वीस-पंचवीस मिनिटं त्यासाठी सगळ्यात चांगली: आतले दिवे लागलेले असतात आणि आकाश अजून निळं असतं.

कायद्याची बाजू अनेकांना माहीत नसते. फ्रान्समध्ये २०१६ च्या कायद्यानं सार्वजनिक जागेतल्या वास्तू आणि शिल्पांचे फोटो खासगी, बिनव्यावसायिक वापरासाठी मोकळे केले. भिंतीवरची चित्रं त्या सवलतीत येत नाहीत. स्वतःच्या आठवणीसाठी काढलेल्या फोटोबद्दल कुणी अडवणार नाही, पण तेच चित्र जाहिरातीत, विकायच्या छपाईत किंवा पुस्तकाच्या मुखपृष्ठावर वापरायचं असेल तर कलाकाराची परवानगी घ्यावीच लागते. रात्रीच्या आयफेल टॉवरच्या रोषणाईलाही असाच हक्क लागू आहे. अंधार पडल्यावर दर तासाच्या ठोक्याला ती पाच मिनिटं चमचमते.

खाणंपिणं

दालन फुकट असलं तरी बार फुकट नाही, आणि नदीकाठच्या गच्चीचे दर नेहमी आतल्या गल्लीपेक्षा चढेच असतात. दरात कर आणि सेवाशुल्क धरलेलं असतं, वेगळी टीप देण्याची सक्ती नाही. साधं पाणी मागताना 'युन काराफ दो' म्हणा, नाहीतर बाटलीबंद पाणी येईल आणि बिलात दिसेल. जेवणासोबत नळाचं पाणी फ्रान्समध्ये विनामूल्य मिळतं. शाकाहारी असाल तर नुसतं 'व्हेजेतारियँ' म्हणून थांबू नका. 'सां व्हियांद, सां प्वासाँ' म्हणजे मांस नको, मासे नको, हे शब्द वापरा. बारमध्ये वाटून खायच्या पाट्यांवर चीजबरोबर मांसाचे काप एकत्र मांडलेले असतात, म्हणून फक्त चीजची पाटी आहे का ते विचारा. चीज बनवताना बऱ्याचदा वासराच्या जठरातलं रेनेट (दूध गोठवणारा पदार्थ) वापरतात, हेही काटेकोर शाकाहाऱ्यांनी ध्यानात घ्यावं.

कार्ड चालतं. भारतीय कार्ड असेल तर निघण्याआधी परदेशी आणि संपर्करहित व्यवहार चालू करून घ्या. कार्ड टेकवून ५० युरोपर्यंत पैसे जातात, त्यावर पिन लागतो. उघड्या गच्चीवर लोक धूम्रपान करतात. नको असेल तर वारा कुठून येतोय ते बघून जागा धरा. मुलं बरोबर असतील तर गच्चीवर हात सोडू नका, तिन्ही बाजूंनी पाणी आहे.

आता खऱ्या भिंती

अँव्हालिद स्थानकावरून मेट्रो १३ नं शातियाँ-मोंरूजच्या दिशेला तीन स्थानकं गेलं की द्युरोक येतं. तिथं नेकेर बालरुग्णालयाच्या आवारात कीथ हॅरिंगनं १९८७ मध्ये एका जिन्याच्या मनोऱ्यावर रंगवलेलं २७ मीटर उंचीचं चित्र आहे. मध्यंतरी ते फार खराब झालं होतं. २०१७ मध्ये त्याची दुरुस्ती पूर्ण झाली. रुग्णालय चालू आहे, आवाज नको, आणि मुलांचे किंवा पालकांचे फोटो अजिबात नकोत. नौकेवर हॅरिंगची रेघ हातभर अंतरावरून पाहिलेली असेल तर तीच रेघ इमारतीवर केवढी होते, हे इथं समजतं.

मोठ्या भिंतींसाठी तेरावा विभाग. अँव्हालिदहून मेट्रो ८ बालारच्या दिशेनं धरा, ला मोत-पिके-ग्रनेलला उतरून मेट्रो ६ नासिओंच्या दिशेनं. प्लास दितालीनंतर ही गाडी जमिनीवर येऊन उंच पुलावरून, व्हँसाँ-ओरिओल बुलेव्हारच्या मधोमध धावते आणि दोन्ही बाजूंच्या इमारतींवर सात-आठ मजली चित्रं दिसायला लागतात. पहिल्या खेपेला गाडीतून बघा, शेव्हालरेला उतरा आणि चालत नासिओनाल स्थानकाकडे परत या. खालून मान वर करून आणि वरून समोरासमोर, असं दोन्ही बघितल्यावर कळतं की कलाकारांनी गाडीतल्या प्रवाशाची नजरही हिशोबात धरली आहे. वाटेत सी२१५ या कलाकाराचं मोठं मांजर भेटेल, आणि र्यू नासिओनालवर शेपर्ड फेअरीनं २०१६ मध्ये रंगवलेली मारियान, म्हणजे फ्रेंच प्रजासत्ताकाचं प्रतीक असलेली स्त्री. नोव्हेंबर २०१५ च्या हल्ल्यांनंतर तिची प्रतिमा त्यानं केली होती. एकूण चालणं दीड-दोन तासांचं. ढगाळ दिवस चांगला, कारण उन्हात एक बाजू झळाळते आणि दुसरी काळी पडते.

ज्यांना ताजं काम बघायचंय त्यांनी अकराव्या विभागात र्यू ओबेरकांफ आणि र्यू सँ-मोरच्या कोपऱ्यावर जावं. तिथं जाहिरातीच्या फलकाच्या जागी एक भिंत कलाकारांना दिली आहे आणि साधारण दर दोन आठवड्यांनी जुन्या चित्रावर नवं चढतं. बदल बहुधा शनिवारी होतो; जमलं तर त्या दिवशी दुपारी जा, रंगवणारा हात प्रत्यक्ष बघता येतो. जवळचं स्थानक पार्मांतिए, मेट्रो ३.

चालता चालता इन्व्हेडरच्या आकृत्या शोधायच्या असतील तर 'फ्लॅशइन्व्हेडर्स' हे त्याचं फुकट ॲप फोनवर घ्या. भिंतीवरच्या आकृतीचा फोटो काढला की ती खरी आहे का ते ॲप ओळखतं आणि गुण देतं. मान वर करूनच चाला, कारण बहुतेक आकृत्या पहिल्या मजल्याच्या उंचीवर, रस्त्याच्या नावाच्या निळ्या पाटीच्या आसपास असतात. पण रस्ता ओलांडताना फोन खिशात. गर्दीच्या जागी तर तो हातातही सैल धरू नका.

रात्री नौकेवर थांबणार असाल तर परतीचा हिशोब आधीच करा. मेट्रोची शेवटची गाडी आठवड्याच्या दिवशी रात्री सव्वा एकच्या सुमाराला तिच्या अखेरच्या स्थानकाला पोहोचते, शुक्रवारी-शनिवारी सव्वा दोनला. म्हणजे अँव्हालिदला ती त्याच्या बरीच आधी येते, आणि मध्ये गाडी बदलायची असेल तर पाऊण तास हाताशी ठेवूनच पदपूल उतरा.